मणेरीकरांनी व्युत्पत्ती सांगितली

प्रमाणित करण्यात येते की, श्री. रामकृष्ण बाबुराव मणेरीकर, मूळ राहणार मणेरी, तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग, सध्या मुक्काम सहम, बातिना किनारा, ओमान, हे एका नामवंत कंत्राटदार कंपनीत प्रशासन अधीक्षक या जबाबदारीच्या पदावर कार्यरत असून बातिना मराठी मित्रमेळ्याचे मानद भाषा सल्लागार आहेत. त्यांना मराठी, संस्कृत, कोकणी, हिंदी व इंग्रजी या भाषा पूर्णपणे, अरबी कामापुरती आणि आफ्रिकान्स संशोधनापुरती अवगत आहेत. त्यांचे वर्तन सचोटीचे असून त्यांच्या हातून कोणालाही उपद्रव झाल्याची नोंद कार्यालयात नाही.

हा मजकूर मित्रमेळ्याच्या २०१५ सालच्या दिवाळी स्मरणिकेत त्यांच्या फोटोखाली छापलेला आहे. फोटोत ते कोशाच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत, शिकारी वाघावर पाय ठेवून उभा राहतो तसे. खाली सही चिटणिसांची आहे, भाषा मणेरीकरांची. शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं आहे. कार्यालयात तशी नोंद नाही, कारण कार्यालयातल्या नोंदी मणेरीकरच ठेवतात.

कंपनी पाण्याच्या पाइपलाइनवरची पंपहाउसं बांधत होती आणि तिचा तळ सहमच्या बाहेर, लिंबाच्या बागा संपतात तिथे, रेतीत टाकलेल्या पोर्टाकॅबिनांमध्ये होता. त्यातल्या एका कॅबिनमध्ये मणेरीकर बसत. कॅम्पमधल्या खाटांचं वाटप, मेसच्या डाळीबद्दलच्या तक्रारी, बसच्या वेळा, व्हिसाचं नूतनीकरण, हे त्यांचं काम. ते काम ते नाकाला रुमाल लावून करावं तसं करत. खरं काम म्हणजे शब्द. डाळीत अळी निघाल्याची तक्रार घेऊन आलेल्या वेल्डरला त्यांनी 'अळी' शब्दाचा संस्कृतपासूनचा प्रवास ऐकवल्याचं आम्ही प्रत्यक्ष पाहिलं आहे. वेल्डर गोरखपूरचा होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि वाटी परत घेऊन गेला.

मणेरीकरांचा सिद्धान्त असा होता की, जगातला कुठलाही शब्द नीट सोलला तर आत संस्कृत निघतं. गावांची नावं तर त्यांनी पहिल्याच वर्षी निकालात काढली होती. सूर म्हणजे सुर, देवांचं गाव. मत्रह म्हणजे मातृगृह, कच्छी व्यापाऱ्यांनी प्रेमाने ठेवलेलं नाव. आणि सहम म्हणजे दुसरंतिसरं काही नसून सोऽहम्. कंपनीचा ओमानी पीआरओ सालेम, ज्याचं घराणं सहममध्ये कोणालाही आठवत नाही इतक्या पिढ्यांपासून मासे धरत होतं, त्याला त्यांनी हे सांगितलं तेव्हा सालेम म्हणाला, "इन्शाल्ला." मणेरीकरांनी तो दुजोरा धरला.

दर शुक्रवारी दुपारी कोणाच्या तरी फ्लॅटवर मित्रमेळा भरे. बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, पोरांचं आपापसात इंग्रजी, आणि मग 'शब्दवेध' हे मणेरीकरांचं सदर. सदर सुरू झालं की पुरुष मोबाईल पाहू लागत आणि बायका स्वयंपाकघरात जात. एकटे भगवान तायडे तेवढे ऐकत बसायचे. ते मूळचे बाळापूरचे, अकोल्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेले, आणि याच कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर. कोणी बोलत असताना उठून जायचं नाही, अशी त्यांना सवय होती. मणेरीकर या सवयीला व्यासंग समजत. "आमचे भगवानराव म्हणजे खरे श्रोते," असं ते चारचौघांत म्हणायचे. तायडेंची बायको ललिता त्यावर एकदा हळूच म्हणाली होती, "घरी पण हे असेच बसतात काका, टीव्ही बंद असला तरी."

आता कोबस फेन्टर. हा कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर, दक्षिण आफ्रिकेचा, उंच, मानेपर्यंत लाल, गुडघ्यापर्यंत मोजे. माणूस कामात वाकबगार होता आणि तोंडाने फाटका. त्याच्या इंग्रजीत मधूनमधून आफ्रिकान्स शब्द खड्यांसारखे लागत. साइटवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा खडा म्हणजे 'फूटसेक'. मेसच्या मागे भटकी कुत्री जमत, कोबस जिन्यावरून ओरडे, "फूटसेक!" आणि कुत्री पांगत. बांगलादेशी, मल्याळी, पाकिस्तानी, बिहारी अशा सगळ्यांना त्या शब्दाचा अर्थ पहिल्याच आठवड्यात कळला. कुत्र्यांना तर पहिल्याच दिवशी. मराठीत आपण ज्या वेळी 'हाड' म्हणतो त्या वेळी तो फूटसेक म्हणत होता, यात कोणाला शंका नव्हती.

जानेवारीत कंपनीने सेफ्टी डे केला. कुटुंबांना बोलावणं होतं. तंबू, बिर्याणी, लाउडस्पीकर, आणि मुलांसाठी हेल्मेट रंगवण्याची स्पर्धा. तायडेंची मुलगी मैत्री, चौथीतली, हेल्मेटवर फुलपाखरू काढून बक्षिसाची वाट पाहत वडिलांच्या बोटाला धरून फिरत होती. बिर्याणीच्या वासाने कुत्री आली होती. कोबसने त्यांना दोनदा नेहमीचा शब्द ऐकवला, पोरं हसली.

लाउडस्पीकर, कूलर आणि बिर्याणीचे हीटर एकाच जनरेटरवर लावले होते. वायर गरम होतेय हे तायडेंनी पाहिलं आणि ते सांगायला कोबसकडे गेले. कोबस मस्कतहून आलेल्या क्लायंटच्या माणसांशी बोलत होता. तायडे म्हणाले, "सर, लोड जास्त झालाय." कोबसने ऐकलं नाही. तायडे पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा कोबसने न वळता, हाताने बाजूला झटकल्यासारखं करून म्हटलं, "फूटसेक, मॅन."

मैत्रीने मागे वळून पाहिलं. मग खाली, तंबूच्या कनातीखाली पाहिलं. मग स्पष्ट आवाजात विचारलं, "बाबा, डॉग कुठेय?"

क्लायंटची माणसं मराठी नव्हती, पण 'डॉग' सगळ्यांना कळलं. तायडेंनी मुलीला उचललं. एवढ्या मोठ्या मुलीला उचलून घ्यायचं तसं काही कारण नव्हतं. ते गाडीकडे गेले. थोड्या वेळाने जनरेटर बंद पडला आणि बक्षीस समारंभ बॅटरीच्या हातभोंग्यावर झाला.

दुसऱ्या दिवशी तायडेंनी मस्कतच्या हेड ऑफिसला तक्रार केली. मागणी एकच. कोबसने टूलबॉक्स टॉकमध्ये, सगळ्यांसमोर, माफी मागावी. टूलबॉक्स टॉक म्हणजे काम सुरू होण्याआधी सगळ्यांना पंपहाउससमोर उभं करून आज कुठे खड्डा उघडा आहे, कुठली वायर जिवंत आहे, हे सांगण्याची रोजची पाच-दहा मिनिटं. साइटवर तेवढी एकच जागा अशी होती जिथे मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे एका रांगेत उभे असत. चारचौघांत बोललेलं चारचौघांत परत घ्यायचं, एवढंच तायडेंचं म्हणणं होतं. पगारवाढ नको, बदली नको. ललिता म्हणाली, "ते सॉरी म्हणेपर्यंत पोरगी मला रोज विचारणार. मी काय सांगू?"

हेड ऑफिसला कोबस हवा होता, कारण काम उशिरा चाललं होतं आणि तेलाचे भाव पडल्यापासून क्लायंट प्रत्येक बिलावर नाक मुरडत होता. तायडेही हवे होते, कारण त्यांच्याशिवाय पॅनल चालू होत नव्हते. अशा वेळी ऑफिसं जे करतात ते त्यांनी केलं. त्यांनी विचारलं, हा शब्द मुळात अपमानकारक आहे का? आणि मणेरीकरांनी, कोणी सांगितलं नसताना, हात वर केला.

हे लक्षात घेतलं पाहिजे की मणेरीकरांना कोबसची भीती नव्हती. त्यांना काही मिळवायचंही नव्हतं. भीतीपोटी किंवा लोभापोटी त्यांनी हे केलं असतं तर त्यांच्याबद्दल थोडी सहानुभूती तरी वाटली असती. त्यांना फक्त एक नवा शब्द मिळाला होता.

पंधरा दिवस ते आनंदात होते. व्हिसाचे कागद खोळंबले. दोन खाटांवर तीन माणसं झोपली. मणेरीकर इंटरनेटवरून डच कोश धुंडाळत होते. रात्री जेवताना त्यांनी सुगंधावहिनींना शोध सांगितला.

"मूळ डच. 'फोर्ट, झेख इक'. म्हणजे 'पुढे हो, मी म्हणतो'. ते झिजून फूटसेक झालं. पुढे हो! किती प्रेरक शब्द आहे बघ."

"पण तो कुत्र्यांना म्हणतो ना?"

"तो आजचा वापर. वापर वेगळा, अर्थ वेगळा."

"मग वापरलं नाही तर अर्थाचं करायचं काय? लोणचं घालायचं?"

"सुगंधा, शब्दाला इतिहास असतो."

"आणि तायडे भावोजींना?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात वाढायची भाजी त्यांनी परत पातेल्यात टाकली.

एवढ्यावर ते थांबले असते तरी चाललं असतं, कारण 'पुढे हो, मी म्हणतो' हे खरंच त्या शब्दाचं मूळ आहे. कुठल्याही बऱ्या कोशात सापडतं. पण मणेरीकरांना कोशात सापडणाऱ्या गोष्टीचं सुख नसे. त्यांनी 'फोर्ट'चं नातं संस्कृत 'पुरः'शी जोडलं, 'झेख'चं 'सूक्त'शी, आणि वेदकाळात यज्ञाचा अश्व सोडताना पुरोहित असंच काहीतरी म्हणत असणार, असा तर्क केला. अश्व आणि कुत्रा यांतला फरक त्यांनी एका तळटीपेत मिटवला.

अभिप्राय हेड ऑफिसला पाठवण्याआधी त्यांनी तायडेंना कॅबिनमध्ये बोलावलं. समोर चहा ठेवला, आखाती पद्धतीचा कडक करक, जास्त वेलचीचा.

"भगवानराव, तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. तुमचा अपमान झालेलाच नाही."

मणेरीकरांनी पुरः, सूक्त, यज्ञ, अश्व असं सगळं वाचून दाखवलं. तायडे नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत बसले.

मग म्हणाले, "साहेब, माझ्या आजोबांना आमच्या गावात पाटलाच्या ओट्यावरून 'हाड' म्हणायचे. रोज. त्याची पण काही व्युत्पत्ती असेल."

या जागी कोणताही माणूस गप्प बसला असता. मणेरीकरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हाड... हाड हा ध्वनीवरून आलेला असावा. मूळ धातू सापडत नाही. पण तुम्ही विचारलंत हे छान केलंत. बघतो मी."

तायडे उठले. चहा तसाच राहिला. दारात म्हणाले, "साहेब, तुम्ही अर्थ नका सांगू. अर्थ सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही फक्त त्याला माफी मागायला सांगा."

"तो विषय वेगळा," मणेरीकर म्हणाले.

अभिप्राय गेला. हेड ऑफिसने तो वाचला नसणार. तो लांब होता आणि त्यात देवनागरी होती. पण त्याचा निष्कर्ष इंग्रजीत, शेवटी, ठळक अक्षरांत होता: सदर शब्द हा मूलतः सौजन्यपूर्ण व प्रोत्साहनपर असून कामाच्या ठिकाणी त्याच्या वापरास हरकत असू नये. हेड ऑफिसने तक्रार निकाली काढली आणि निष्कर्ष टूलबॉक्स टॉकमध्ये सर्व भाषांत वाचून दाखवावा असा हुकूम दिला.

मणेरीकरांनी तो स्वतः वाचला. सकाळची थंडी, समुद्रावरून येणारा वारा, रांगेत उभी माणसं. इंग्रजीत वाचला, मग हिंदीत समजावला. "यह इज्जत का शब्द है," ते म्हणाले. "आगे बढ़ो, मैं कहता हूँ. जैसे आप बोलते हैं, यल्ला." कोबस खिशात हात घालून जमिनीकडे पाहत होता. त्याला तेव्हाच संकोच वाटत असावा, कारण त्याला त्याची भाषा येत होती. तायडे रांगेत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि हेल्मेट घालून पॅनल रूमकडे गेले.

पाण्याचा टँकर चालवणारे अलीमियाँ मूळ हैदराबादचे, साइटवर सगळ्यांत जुने, आणि जगात कशाचंही गांभीर्य ठेवायचं नाही असं ठरवून बसलेले. त्या दिवशी चहाच्या शेडमध्ये मणेरीकर शिरले तेव्हा अलीमियाँ उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "फूटसेक, मणेरीकर साहब!"

मणेरीकर क्षणभर थबकले. आणि मग, हे लिहिताना आजही विश्वास बसत नाही, त्यांचा चेहरा उजळला.

"फूटसेक, अलीमियाँ. मगर 'फू' थोड़ा छोटा रखिए. फुट-सेक."

"जैसा हुकुम. फुटसेक, साहब."

"शाबास."

त्या दिवसापासून साइटवर सलाम बंद झाला. सकाळी बसमध्ये चढताना ड्रायव्हरला फूटसेक. मेसमध्ये भाजी वाढणाऱ्याला फूटसेक. सुतार फोरमनला, फोरमन स्टोअरकीपरला. बिहारी पोरं 'फूटसेक भइया' म्हणत. मल्याळी त्याला 'चेट्टा' जोडत. मणेरीकर आले की लांबून, क्रेनवरून, खड्ड्यातून, पाइपाच्या आतून आवाज यायचा, "फूटसेक, साहब!" आणि मणेरीकर हात उंचावून प्रत्येकाला उत्तर द्यायचे. एक मेलेला अर्थ आपण जिवंत केला असं त्यांनी मित्रमेळ्यात सांगितलं. भाषाशास्त्राच्या इतिहासात असं क्वचित घडतं, असंही सांगितलं. ते त्यांनी इतक्या भाबडेपणाने सांगितलं की हसू दाबायला आम्हाला वड्यांचा आधार घ्यावा लागला.

कोबसला मात्र कोणी म्हणत नव्हतं. त्याच्यासमोर सगळे 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचे आणि तो पुढे गेला की मागे एकमेकांना तो शब्द. तो कॅबिनमधून कमी बाहेर पडू लागला. तायडेही तो शब्द उच्चारत नव्हते. अलीमियाँनी त्यांना एकदा विचारलं, "भगवान भाई, आप क्यूँ नहीं बोलते?" तायडे म्हणाले, "मेरी कंप्लेंट अभी चालू है."

"वो तो खलास हो गई ना?"

"हेड ऑफिस की खलास हुई. मेरी चालू है."

मार्चमध्ये क्लायंटची तपासणी होती. क्लायंटने एक सल्लागार इंजिनिअर आणली होती, मिसेस फोर्टुइन. सावळी, पन्नाशीची, कडक इस्त्रीचा शर्ट. कोबस तिला पंपहाउसमध्ये घेऊन आला. मागे क्लायंटचे ओमानी अधिकारी, त्यांच्यामागे सालेम, आणि सगळ्यात मागे मणेरीकर, टाय लावून. माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं ते मणेरीकरांनी आदल्या दिवशी समजावलं होतं. कोणाला वाटेल हा अलीमियाँचा कट, तसं नव्हतं. कट करायला आपण काय करतोय ते कळावं लागतं, आणि मणेरीकरांना ते कळत नव्हतं.

मिसेस फोर्टुइन आत आली आणि साठ-सत्तर माणसं छातीवर हात ठेवून, एका सुरात, अदबीने म्हणाली, "फूटसेक, मॅडम."

ती थांबली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. आपण कुठे आलोय हे तपासून पाहणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. मग ती कोबसकडे वळली आणि त्याच्याशी आफ्रिकान्समध्ये बोलली. ती कोबसच्याच देशातली, केप टाउनजवळची निघाली. बोलणं फार लांब नव्हतं. पण ते संपेपर्यंत कोबसच्या मानेचा लाल रंग कानांवर चढला आणि मग सगळाच उतरला.

ओमानी अधिकाऱ्याने सालेमला विचारलं, सालेमने मणेरीकरांना विचारलं, "काय म्हणाली ती?"

ओमानमधले एकमेव मराठी आफ्रिकान्स अभ्यासक म्हणाले, "उच्चाराविषयी काही सूचना होती."

तपासणी पाऊण तासात संपली. मिसेस फोर्टुइनने पंपाचे आकडे पाहिले, सह्या केल्या, आणि गाडीत बसताना कोबसशी हात मिळवला नाही.

पाहुणे गेल्यावर कोबस थेट पॅनल रूममध्ये आला. तिथे तायडे आणि त्यांचे दोन वायरमन होते. वायरमननी नंतर सांगितलं ते असं.

कोबस म्हणाला, "हे थांबव. तुझं ऐकतील ती माणसं."

तायडे म्हणाले, "सर, मी सुरू केलेलं नाही. कंपनीचा हुकूम आहे. प्रोत्साहनपर शब्द आहे."

"तुला माहीत आहे त्याचा अर्थ काय आहे."

"मला माहीत आहे सर. सगळ्यांना माहीत आहे. मणेरीकर साहेबांना सोडून. तुम्ही टूलबॉक्स टॉकमध्ये एकदा सांगा. मग थांबेल."

"काय सांगू?"

"तो शब्द कोणासाठी असतो ते सांगा. आणि मला म्हणालात ते सांगा. माझी मुलगी विचारते, डॉग कुठे होता. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही."

कोबसने पॅनलच्या दिव्यांकडे पाहिलं म्हणतात. मग नुसतं "राइट" म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रांगेसमोर आला. हेल्मेट काढून हातात धरलं. हिंदी त्याला येत नव्हती. त्याने सोप्या, तुटक इंग्रजीत सांगितलं. हा शब्द कुत्र्यांसाठी आहे. माझ्या देशात माणसाला म्हटला तर मारामारी होते. आमच्या देशात तो अनेक माणसांना म्हटला गेला, आणि ज्यांनी म्हटला त्यांत माझे लोक होते. मी तो भगवानला म्हणालो, त्याच्या मुलीसमोर. ते चूक होतं. "आय ॲम सॉरी, भगवान." मग त्याने त्या दिवशी कुठला खड्डा उघडा आहे ते सांगितलं आणि सगळे कामाला लागले.

अलीमियाँनी चहाच्या शेडमध्ये जाहीर केलं, "बस. आज से फिर सलाम." आणि तो शब्द साइटवरून गेला. कुत्र्यांनाही कोबस आता टाळ्या वाजवून हाकलत असे.

तायडे त्या संध्याकाळी घरी लवकर गेले. मैत्रीला त्यांनी काय सांगितलं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. ललिता एवढंच म्हणाली, "झोपली शांत. हेल्मेट उशाशी घेऊन."

इथे ही हकीकत संपायला हवी होती. पण मणेरीकर टूलबॉक्स टॉकला हजर होते, आणि त्यांना त्या सगळ्या प्रकारात फक्त एक गोष्ट दिसली: आपल्या अभिप्रायाला पुरवणी जोडता येते. पुढच्या शुक्रवारी मेळा तायडेंच्याच फ्लॅटवर होता. पाळी त्यांची होती आणि पाळी टाळण्याची त्यांना सवय नव्हती. ललिताने भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मणेरीकर भरीत दोनदा मागून खाऊन उभे राहिले आणि 'अर्थाची घसरण' या विषयावर बोलू लागले. फूटसेकचा मूळ अर्थ उदात्त असून दक्षिण आफ्रिकेत तो घसरला, कोबस फेन्टर यांनी घसरलेल्या अर्थाबद्दल खेद व्यक्त केला, यामुळे मूळ अर्थाला बाध येत नाही, उलट पुष्टीच मिळते. म्हणजे माझा निष्कर्ष कायम आहे, असं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

तायडे नेहमीच्या जागी बसून ऐकत होते. पण ललिता स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"काका, एक विचारू?"

"विचारा की, वहिनी. आमच्या सदराला बायकांचे प्रश्न येत नाहीत, ही खंतच आहे."

"कोबस साहेबाने माफी मागितली. तुम्ही कधी मागणार?"

सुगंधावहिनी नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या. मणेरीकरांच्या चेहऱ्यावर गोंधळ आला, आणि क्षणभर असं वाटलं की त्यांना कळलं. तोंड उघडलं. पण त्यांच्या कानांपर्यंत सबंध प्रश्न पोचत नसे; त्यातला एखादा शब्दच पोचे.

"माफी," ते म्हणाले. "छान शब्द काढलात. माफी हा मूळचा आपला नाही बरं का. अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनीत, तिथून मराठीत. आता गंमत बघा..."

ते चाळीस मिनिटं बोलले. क्षमा आणि माफी यांतला फरक सांगितला. पृथ्वीला क्षमा का म्हणतात ते सांगितलं. सहमच्या दुकानात माल नसला की दुकानदार 'माफी', म्हणजे अरबीत 'नाही', म्हणतो, हा आखातातला प्रत्येक भारतीय पहिल्या महिन्यात करतो तो विनोदही केला, आणि स्वतःच हसले. पोरं आतल्या खोलीत गेली. तायडे या वेळी शेवटपर्यंत बसले नाहीत. मध्येच उठून ताटं गोळा करू लागले. व्याख्यान संपल्यावर, सवयीने, एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. त्याचंच टिपण पुढे दिवाळी स्मरणिकेत, फोटोच्या पुढच्या पानावर, 'माफी: एक शब्दप्रवास' या नावाने आलं आहे.

मणेरीकर साठ पूर्ण झाल्यावर २०१८ मध्ये सेवानिवृत्त होऊन मणेरीला गेले. कंपनीने त्यांना निरोप समारंभात तक्रार निवारणातील विशेष योगदानाबद्दल सन्मानपत्र दिलं.

भगवान तायडेंची माफी त्यांनी मागितलेली नाही.